बास गिटारचा आकार आणि वाजवणाऱ्याचा खांदा

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात बास गिटार वाजवणाऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. गायक-गायिका पुढे असतात, त्यांच्या मागे ढोलकी, तबला, की-बोर्ड, आणि बासवाला ड्रम्सच्या कडेला कुठेतरी उभा. त्याचा आवाज मात्र सभागृहातल्या प्रत्येकाच्या छातीत घुमत असतो. राहुलदेव बर्मन यांच्या चमूत टोनी वाझ बास गिटार वाजवत. हे नाव ज्यांना माहीत नाही त्यांनीही त्यांचे ते खर्जातले सूर वर्षानुवर्षं ऐकलेले आहेत. बासवाल्याचं हे असं असतं. तो थांबला की मगच तो होता हे कळतं.

आता याच माणसाच्या गळ्यात व्हायोलिनच्या आकाराचा बास अडकवा. किंवा अश्रूच्या थेंबासारखा, किंवा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा. मग पहिल्या रांगेतली मुलंसुद्धा बोट दाखवून विचारतात, ते काय आहे? म्हणून असे बास घ्यावेसे वाटतात आणि त्यात गैर काही नाही. वाद्य दिसायलाही छान असावं असं प्रत्येकाला वाटतं. पण हे विचित्र आकाराचे बास बऱ्याचदा आखूड तारेचेही असतात, आणि माझ्याकडे शिकायला येणारी मुलं किंवा त्यांचे आईवडील मला नेमकं तेच विचारतात. सर, हा घ्यावा का? खेळणं तर नाही ना?

उत्तर देण्याआधी 'आखूड' म्हणजे काय ते पाहू. गिटारची तार दांडीच्या माथ्याजवळच्या पट्टीवरून निघते आणि खाली घोडीवर टेकते. या दोन टेकूंमधलं अंतर म्हणजे त्या वाद्याचं स्केल. व्हायोलिनच्या घराण्यातला मोठा उभा डबल बास घेतला तर हे अंतर एक मीटरच्याही थोडं पुढे जातं. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा त्यांनी ते ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवलं. आज ज्याला आपण सर्वसाधारण बास म्हणतो त्याचं माप हेच. आखूड किंवा शॉर्ट स्केल म्हणजे साधारण ३० इंच, ७६२ मिलिमीटर. फरक फक्त चार इंचांचा, म्हणजे वीतभरही नाही.

पण हा फरक बोटांना विचारा. लांब बासवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंत १३ सेंटिमीटर अंतर असतं. तर्जनी एकीकडे, करंगळी दुसरीकडे, आणि मधली दोन बोटं आपापल्या जागी, असं चार बोटांनी चार पडदे धरायचे म्हणजे पंजा पूर्ण फाकतो. आखूड बासवर हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. दीड सेंटिमीटर वाचतो. मोठ्या पंजाच्या माणसाला याचं काही वाटणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा लहान हाताच्या मुलीला मात्र या दीड सेंटिमीटरमुळे तासभर रियाज करता येतो, एरवी दहा मिनिटांत मनगट धरून बसावं लागतं.

दुसरी गोष्ट ताणाची. सर्वांत जाड तार, जिला आपण ई म्हणतो, ती सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. सूर तोच ठेवून तार आखूड केली तर ताण कमी करावा लागतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. लांब बासवर त्या तारेवर सुमारे १८ किलोंचा ताण असेल, तर तीच तार आखूड बासवर सुमारे १४ किलोंवर त्याच सुरात लागते. म्हणून ती दाबायला हलकी पडते. मात्र सैल तारेचा झोकाही मोठा असतो. जोरात छेडली की ती पडद्यांवर आपटून खरखरते, आणि खालचे सूर जरा ढोबळ, फुगीर येतात. यावर जरा जाड किंवा चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा लावतात, घोडी किंचित उचलतात, आणि हात हलका ठेवायला शिकतात. आपल्याकडे बायकांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्यापेक्षा लहान असतो, पण त्याचा सूरही वर लावलेला असतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. आखूड बासकडून आपण लहान अंगातून तोच खर्ज मागतो. ओढाताण आहे ती इथे.

एवढी ओढाताण असूनही आखूड बास हे खेळणं नव्हे. स्टॅन्ली क्लार्क यांच्यासारखा, ज्याच्या बोटांच्या वेगापुढे भले भले थक्क होतात असा वादक, आयुष्यभर अलेम्बिकचा आखूड बास वाजवत आला आहे. 'टॉकिंग हेड्स' या चमूतल्या टीना वेमाउथ यांच्या हातात फेंडरचा मस्टँग दिसायचा. फेंडरने तो १९६६ साली प्रामुख्याने शिकाऊ मुलांसाठी काढला होता. तेव्हा आखूडपणाबद्दलची शंका मनातून काढून टाका. खरा प्रश्न आकाराचा आहे. आखूड तारेने हाताला जे दिलं, ते अंगाचा आकार परत हिसकावून तर घेत नाही ना?

हे समजण्यासाठी आधी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. जर्मनीतलं हॉफनर हे घराणं मुळात व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचं. १८८७ मध्ये श्योनबाखला सुरू झालेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना गाव सोडावं लागलं आणि त्यांनी बव्हेरियात नव्याने बस्तान बसवलं. तिथे वाल्टर हॉफनर यांनी व्हायोलिनच्या घाटाचा बास केला, आणि १९५६ साली तो लोकांपुढे आला. स्केल ३० इंच. वर स्प्रूसचं लाकूड, मागे आणि कडेला मेपल, आणि आतून पोकळ. व्हायोलिनही याच लाकडांचं करतात. या बासचं नाव ५००/१, पण लोक त्याला व्हायोलिन बास म्हणतात.

हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवणारा, विशीही न ओलांडलेला पॉल मॅकार्टनी १९६१ साली तिथल्या दुकानात शिरला तेव्हा फेंडर त्याच्या ऐपतीबाहेरचा होता. हा बास त्याला सुमारे ३० पौंडांना मिळाला. मॅकार्टनी डावखुरे. एका बाजूला शिंग असलेलं वाद्य उलटं धरलं की वेडंवाकडं दिसतं, हे दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे तसं दिसलं नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी बीटल्सना पाहिलं आणि तो घाट जगभर पोचला. पुढे जपानसह अनेक देशांत त्याच्या नकला निघाल्या. जाता जाता, तो १९६१ चा बास १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला होता. तो सापडून मालकाकडे परत आल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. मॅकार्टनींनी १९६३ साली दुसरा घेतला होता. जानेवारी १९६९ मध्ये लंडनच्या गच्चीवरच्या त्या शेवटच्या मैफलीत त्यांच्या हातात हॉफनरच होता.

ही कीर्ती बाजूला ठेवून वाद्य नुसतं हातात घ्या. पहिली जाणीव होते ती वजनाची. पोकळ असल्यामुळे ते सव्वादोन किलोंच्या आसपास भरतं. भरीव लाकडाचा लांब बास चार किलोंचा, कधी त्याहून जड असतो. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या कार्यक्रमात तीन-चार तास उभं राहिल्यावर या पावणेदोन किलोंचा अर्थ डाव्या खांद्याला विचारावा. दुसरं, व्हायोलिनची कंबर. ती शोभेची वाटते, पण बसून वाजवताना मांडी नेमकी त्या खोबणीत जाते आणि वाद्य जागेवर राहतं. म्हणजे इथे विचित्र आकार कामाचा आहे. शेकडो वर्षं हातात धरून घासून-पुसून ठरलेला घाट कारागिरांनी उचलला, त्याचा हा फायदा.

तोटे नाहीत असं नाही. पोकळ अंग स्पीकरचा आवाज पकडतं आणि घूं करायला लागतं. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात स्पीकरच्या अगदी समोर उभं राहून चालत नाही. शिवाय याची घोडी व्हायोलिनसारखीच नुसती तारांच्या दाबावर उभी असते. चारही तारा एकदम काढल्या की ती जागा सोडते, आणि मग बारावा पडदा दाबला की सूर उतरलेला किंवा चढलेला लागतो. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या आणि घोडीच्या पायाशी आधी पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवायची. माथाही थोडा खाली झुकतो, पण मुळात वजनच इतकं कमी की त्याचा जाच होत नाही.

हाच घाट भरीव लाकडात केला तर काय होतं? अमेरिकेतल्या गिब्सनने १९५३ साली व्हायोलिनच्या आकाराचा बास काढला. तो हॉफनरच्याही आधीचा. साडेतीस इंची, महोगनीचा. पुढे त्याला ईबी-१ म्हणू लागले. त्याच्या बुडाला सरकती दांडी होती. ती ओढून टेकवली की डबल बाससारखा उभा धरून वाजवता यायचा. कल्पना चांगली, पण त्याचं उत्पादन १९५८ मध्ये थांबलं.

गिब्सनचाच दुसरा बास मला जास्त बोलका वाटतो. १९६१ चा ईबी-३. दोन टोकदार शिंगांचं, चपटं, पातळ अंग. तोही साडेतीस इंची. 'क्रीम' या चमूतल्या जॅक ब्रूस यांनी त्यातून काढलेला आवाज आजही अंगावर येतो. पण गळ्यात अडकवा आणि डावा हात सोडा. माथा हळूहळू जमिनीकडे निघतो. याचं कारण साधं आहे, तराजूचं. पट्टा वाद्याला दोन ठिकाणी अडकतो. फेंडरच्या बासचं वरचं शिंग लांब असतं, पट्टा त्याच्या टोकाला, म्हणजे जवळजवळ बाराव्या पडद्याच्या रेषेत अडकतो, आणि त्यामुळे वजनाचा मध्य दोन्ही अडकवण्यांच्या मधोमध येतो. ईबी-३ ची शिंगं आखूड आहेत आणि वरचा अडकवणीचा खुंटा शिंगावर नसून दांडीच्या मुळाशी, मागच्या बाजूला आहे. अंग पातळ म्हणून हलकं, आणि दांडी व माथा बाहेरच्या बाजूला. पारडं तिकडेच जाणार.

मग वादक काय करतो? डाव्या हाताने दांडी उचलून धरतो. ज्या हाताने सूर धरायचे त्या हाताला हमाली लागते. अंगठा ताठ होतो, मनगट वाकतं, आणि काही महिन्यांत कोपरापर्यंत कळ जायला लागते. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पट्टा दांडीच्या मुळाशी अडकल्यामुळे सगळं वाद्यच डावीकडे सरकतं. तार साडेतीन इंच आखूड असली तरी पहिला पडदा आपल्या खांद्यापासून होता तितकाच लांब राहतो. म्हणजे पंजाला जे सुख मिळालं ते हाताला मिळालं नाही. दुकानात मापपट्टी लावून स्केल मोजणाऱ्यांना हे कळत नाही. हात लांबवून पाहणाऱ्यांना लगेच कळतं.

थेंबाच्या आकाराची कथा जरा निराळी. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीने साठच्या दशकात असे बास काढले, आणि त्यातल्या एकाला 'रोलिंग स्टोन्स'च्या बिल वायमन यांचं नाव दिलं. वायमन यांचे हात लहान. १९६१ मध्ये त्यांनी एक स्वस्तातला जुना बास घेतला, त्याचे पडदे उपटून काढले आणि अंग कापून लहान केलं. वाद्य आपल्या शरीराला बसवून घेणारा माणूस. ते बास जवळजवळ उभा, छातीशी धरून वाजवत. त्या पवित्र्यात थेंबाचा आकार चालतो. पण खुर्चीवर बसून वाजवायला घ्या. त्याला कंबरच नाही, मांडीवर ठेवला की घसरगुंडीवरून मूल उतरावं तसा उतरतो.

'व्ही'चं तर विचारूच नका. उभं राहून ठीक. बसायचं झालं तर एक पाय मांडीच्या आतून, एक बाहेरून, असं मांडीवर स्वार करून वाजवावं लागतं. काहींना ते जमतं, आवडतंही. पण रियाज बसूनच होतो. रंगमंचावर महिन्यातून चार तास आणि घरी रोज एक तास, हा हिशेब केला तर वाद्य बसून कसं वाटतं हे उभं राहून कसं दिसतं याच्या कितीतरी आधी येतं. शिवाय त्याच्या टोकांमुळे साध्या पिशवीत ते मावत नाही. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढणाऱ्याने याचा विचार केलेला बरा.

आता आखूडपणाचं टोक. १९८६ मध्ये गिल्ड कंपनीने अ‍ॅशबोरी नावाचा बास काढला. अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ-जोन्स आणि नायजेल थॉर्नबरी या दोघांच्या नावांतून हे नाव तयार झालं. स्केल फक्त १८ इंच! एवढ्या आखूड लांबीवर पोलादी तार खर्ज देऊच शकत नाही, म्हणून तारा सिलिकॉन रबराच्या. जाड, मऊ, हाताला चिकटणाऱ्या. बोटांना टाल्कम पावडर लावून वाजवावं लागतं. पडदे नाहीत, नुसत्या खुणा. पण आवाज मात्र थेट डबल बाससारखा गोल. मला हे वाद्य मनापासून आवडतं, पण शिकाऊ मुलाला मी ते पहिलं वाद्य म्हणून देणार नाही. त्यावर बसलेला हात दुसऱ्या कुठल्याही बासवर उपयोगी पडत नाही, आणि चिमूटभर जागेत सूर शोधताना कानाची परीक्षा होते. पुढे साधारण २०१० च्या आसपास युकुलेलेच्या आकाराचे, अशाच मऊ तारांचे, पण पडदे असलेले बास निघाले. प्रवासात ते खरोखर सोयीचे आहेत.

आकार लहान करायला तार लहान करावीच लागते असंही नाही. अमेरिकेतले नेड स्टाइनबर्गर मूळचे फर्निचरचे डिझायनर. त्यांनी माथाच काढून टाकला, खुंट्या घोडीपाशी खाली नेल्या, आणि अंग एखाद्या वल्ह्याच्या पात्याएवढं ठेवलं. तार पूर्ण ३४ इंची. माथा नाही म्हणून झुकणं नाही. बसून वाजवण्यासाठी मांडीवर टेकणारा घडीचा पाय. १९८० च्या सुमारास तो आला तेव्हा लोक हसले असतील, पण खुर्ची करणाऱ्याने माणूस बसतो कसा हे आधी पाहिलं होतं, आणि त्याचा फायदा वाद्यात दिसतो.

माझ्याकडे अकरावीतली एक मुलगी शिकायला यायची. घरच्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते आणि दुसरं वाद्य लवकर घेता येणार नव्हतं. तिला 'व्ही' हवा होता. तिच्या खोलीच्या भिंतीवर तसं चित्र होतं. मी नको म्हटलं नाही. दुकानात तिला एका स्टुलावर बसवलं, तीन बास आळीपाळीने दिले आणि प्रत्येकावर दहा मिनिटं एकच चाल वाजवायला सांगितली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला 'व्ही' वाजवताना तिचा डावा खांदा कानापाशी आला. हे तिला स्वतःला कळलं नव्हतं, तिच्या आईला दिसलं. शेवटी तिने व्हायोलिन बासची एक साधी नक्कल घेतली. पहिले दोन महिने तारा खरखरत होत्या. मग आम्ही गुळगुळीत तारा लावल्या, घोडी किंचित उचलली, आणि तिने हात हलका केला.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा असंच करा. बसून दोन्ही हात सोडा, वाद्य कुठे जातं ते पाहा. पट्टा लावून उभे राहा, डावा हात काढा, माथा किती झुकतो ते बघा. थोडाच झुकत असेल तर रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा त्याला धरून ठेवतो. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा घसरतो. काही जण वरचा खुंटा दुसऱ्या जागी बसवून घेतात, पण हे काम जाणत्या कारागिराकडूनच. पोकळ वाद्यात भलतीकडे भोक पाडलं तर स्क्रू धरत नाही. मग डोळे मिटून पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवा. कोपर सरळ होत असेल तर स्केलचा आकडा काहीही असो, तो बास तुम्हाला लांबच आहे. शेवटी सर्वांत जाड तार मोकळी छेडा आणि तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दोन्हींत बरोबर सप्तकाचं अंतर नसेल तर घोडी सरकवून ते आणता येतं का, हे दुकानदाराला तिथेच करून दाखवायला सांगा.

आणि तारांचं पैसे देण्याआधीच विचारून ठेवा. आखूड बासला आखूड तारा लागतात. लांब तार कापून लावायला गेलं तर तिचा जाड भाग खुंटीवर येतो, तो नीट वळत नाही आणि कापलेल्या टोकापाशी वेटोळं सुटायला लागतं. व्हायोलिन बासची आणखी एक गंमत आहे. तार घोडीवर संपत नाही, घोडीच्या पलीकडे बुडाशी असलेल्या पट्टीत अडकते. म्हणजे स्केल आखूड, पण तारेची एकूण लांबी बरीच जास्त. पाकिटावर नुसतं 'शॉर्ट' लिहिलेली तार कधी कधी त्यालाही तोकडी पडते. तेव्हा बुडाच्या पट्टीपासून माथ्याजवळच्या पट्टीपर्यंत दोरा लावून माप घ्या, तो दोरा खिशात ठेवा, आणि तारा आणायला जाल तेव्हा तो बरोबर न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)